बारा घोडे आले कुठून?

"एक्झॉस्ट बदलला, बारा हॉर्सपॉवर वाढले!" गाड्यांच्या नादाला लागलेला एक जरी मित्र असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं असतं, कारण त्याचं बिल असतं. दुसऱ्या अर्ध्याचाही कागद असतो. त्यावर एक ग्राफ, एक निळी रेषा (आधीची), एक लाल रेषा (नंतरची), आणि दोघींच्या मध्ये बोटभर अंतर. त्या बोटभर अंतरासाठी लोक हजार-दीड हजार डॉलर मोजतात. आजचा लेख त्या अंतराबद्दल.

थोडी पार्श्वभूमी. मी डिग्रीने मेकॅनिकल, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर (आमच्या बॅचचा निम्मा वर्ग असाच आहे, असो). त्यातही माझं काम परफॉर्मन्स टेस्टिंगचं. म्हणजे कुणीतरी छाती फुगवून "माझ्या बदलाने सिस्टीम आठ टक्के फास्ट झाली" असं सांगतो, आणि "कसं मोजलंस?" एवढंच विचारण्याचा मला पगार मिळतो. सध्या मुक्काम पोस्ट कॅलिफोर्निया. इथे टीममधल्या एका मित्राकडे २०१३ ची सायन एफआर-एस आहे. बाकी जग हिला टोयोटा ८६ किंवा जीटी ८६ म्हणून ओळखतं, आणि सुबारू बीआरझेड ही तिची जुळी बहीण. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, ७००० आरपीएमला २०० हॉर्सपॉवर, मागची चाकं फिरवणारी, हलकी, बुटकी, गोड गाडी. पठ्ठ्याने तिला कॅट-बॅक एक्झॉस्ट बसवला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा पाइप आणि सायलेन्सर नवा. आणि मग ते वाक्य आलं. बारा घोडे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कसं मोजलं हे न सांगता दिलेला "वाढलेल्या" हॉर्सपॉवरचा आकडा म्हणजे जाहिरात. त्याला मोजमाप म्हणू नये. आणि या बाबतीत चिकित्सा करणारा माणूस गाडीचा शत्रू नसतो, उलट गाडीवाल्याचा तोच खरा मित्र असतो.

आता एक्झॉस्ट नेमकं करतो काय ते पाहू. जळलेला वायू बाहेर ढकलायला पिस्टनला काम करावं लागतं. वाटेत अडथळा जास्त तर काम जास्त, आणि तेवढी शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही. हा झाला सोपा भाग. मजेशीर भाग पुढे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की पाइपमधून दाबाची एक लाट सुटते. पाइप जिथे अचानक रुंद होतो, किंवा जिथे दोन-चार पाइप एकत्र मिळतात, तिथून ती लाट उलटून परत येते, आणि येताना कमी दाबाची होऊन येते. दोन्ही व्हॉल्व क्षणभर एकदम उघडे असताना ती नेमकी पोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या हवेला आत यायला मदत करते. पण वेळ जमायला हवी! ६००० आरपीएमला इंजिनचा एक फेरा फक्त १० मिलिसेकंदांत होतो. पाइपची लांबी ठरलेली, फेऱ्याचा वेळ मात्र बदलता, म्हणून ही युती काही ठरावीक आरपीएमलाच जमते. एका ठिकाणी कमावलं की दुसरीकडे थोडं गमावलं, असा हा व्यवहार आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येते. लाटांचा हा खेळ मुख्यतः इंजिनला चिकटलेल्या हेडरमध्ये चालतो. कॅट-बॅक लावला जातो त्या सगळ्याच्या बराच पुढे. मूळचा सायलेन्सर फारच कोंडणारा असेल तर तिथे फायदा होतो, नाहीतर बदलतो तो प्रामुख्याने आवाज. म्हणजे बारा घोडे अशक्य आहेत असं नाही, पण ते जरा पुरावा देऊन आले तर बरं.

पुरावा म्हणजे डायनो. कॉलेजच्या लॅबमधला तो दोरी गुंडाळलेला रोप ब्रेक डायनॅमोमीटर आठवतोय का? एकजण स्प्रिंग बॅलन्स वाचणार, दुसरा पाणी सोडणार आणि बाकीचे आठजण व्हायव्हाच्या चिंतेत. हा त्याचाच श्रीमंत चुलतभाऊ. गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची, आणि एका गिअरमध्ये (शक्यतो १:१ च्या जवळच्या) तळापासून रेडलाइनपर्यंत ताणायची. एका प्रकारात जड ड्रम किती लवकर वेग घेतो त्यावरून हिशोब होतो, दुसऱ्या प्रकारात विद्युतचुंबकीय ब्रेक किती जोर लावतो त्यावरून. काही यंत्रं तर चाक काढून थेट हबलाच जोडतात. तिन्ही यंत्रं एकाच गाडीचे वेगवेगळे आकडे देऊ शकतात आणि यात लबाडी कुणाचीच नसते. म्हणून एका दुकानातला "आधी" आणि दुसऱ्या दुकानातला "नंतर" यांची वजाबाकी करायची नाही. नाहीतर ते म्हणजे घरच्या काट्यावरचं वजन आणि स्टेशनवरच्या काट्यावरचं वजन यांची तुलना करून डाएट यशस्वी झालं म्हणण्यासारखं आहे.

जाता जाता एक युक्ती. अमेरिकन एककांत हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (पाउंड-फूटमध्ये) गुणिले आरपीएम भागिले ५२५२. म्हणजे एकाच मोजपट्टीवर काढलेल्या टॉर्क आणि पॉवरच्या रेषा ५२५२ आरपीएमला एकमेकींना छेदायलाच हव्यात. ग्राफवर त्या दुसरीकडेच भेटत असतील, तर एक तर दोन्ही बाजूंच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत किंवा ग्राफ 'कलाकृती' आहे. जर्नलमध्ये आधी ग्राफ आणि मग रीडिंग्ज, ही परंपरा फक्त आपल्याच कॉलेजात होती असं समजू नका. :)

आता मुख्य मुद्दा, हवामान. इंजिन हवा खातं आणि गरम हवा विरळ असते. म्हणून मोजलेला आकडा एका प्रमाणित हवेवर आणायचं सूत्र असतं. एसएई जे१३४९ हे त्यातलं आजचं प्रचलित मानक, ते २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब धरतं. हे सूत्र घेऊन मी कागद-पेन्सिल करून पाहिली. दाब तोच ठेवून खोलीचं तापमान १५ वरून ३५ अंशांवर नेलं, तर दुरुस्तीचा गुणक जवळजवळ ४ टक्क्यांनी बदलतो. समजा गाडी चाकांवर १६५ हॉर्सपॉवर देते. त्याचे ४ टक्के म्हणजे साडेसहा घोडे. सकाळची थंड हवा आणि दुपारचं ऊन, बाकी पाइप तोच, गाडी तीच, पेट्रोल तेच! दुरुस्ती न करता छापलेल्या कागदावर हे साडेसहा घोडे बिनबोभाट येऊन बसतात.

बरं, दुरुस्ती केली म्हणजे सुटलो असंही नाही. डायनोच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीचं मानक निवडायचा एक मेनू असतो. जे१३४९ ऐवजी तिथे 'एसटीडी' नावाचं जुनं मानक निवडलं, की ते थंड (सुमारे १५.५ अंश) आणि जास्त दाबाची हवा धरतं, आणि तोच रन साधारण ४ टक्के जास्त दिसतो. माउसच्या एका क्लिकमध्ये पुन्हा साडेसहा घोडे. बारातले निम्म्याहून अधिक घोडे गाडीला पाना न लावताच हजर झाले. यात कुणी मुद्दाम फसवलंच पाहिजे असं नाही. आधीचा रन मार्चमधला, नंतरचा ऑगस्टमधला, मधे कुणीतरी सेटिंग बदललं, संपलं.

आणखी ऐका. सूत्र खोलीच्या हवेची दुरुस्ती करतं, तापलेल्या इंजिन-बेची करत नाही. लागोपाठ रन घेतले की इनटेक तापतं, मग इंजिनचा कॉम्प्युटर नॉकिंग टाळायला स्पार्क मागे घेतो आणि आकडा घसरतो. समोर लावलेला पंखा काही ताशी शंभर किलोमीटरचा वारा देत नाही. पट्टी जास्त आवळली, टायरमध्ये हवा कमी भरली, की रोलरवर जास्त शक्ती वाया जाते. ड्रमवाल्या यंत्रावर हलकी चाकं लावली तरी घोडे 'वाढतात', कारण चाकांना वेग द्यायला खर्च होणारी शक्ती वाचते. एक्झॉस्टसोबत हौसेने नवी अलॉय व्हील्सही घेतली असतील तर श्रेय कुणाला देणार?

तर थोडक्यात काय, हा दोन मोठ्या, थरथरत्या आकड्यांमधून एक छोटा आकडा काढायचा उद्योग आहे. आमच्या कामात याला आम्ही फार घाबरतो. समजा जुन्या पाइपने तीन रन घेतले, १६३, १६६, १६५. नव्या पाइपने तीन, १६७, १७०, १६९. सरासरीतला फरक निघतो ४, आणि रन-रनमधली नैसर्गिक हालचाल ३. म्हणजे फायदा असावा, पण छाती फुगवण्याइतका नाही. आता दुकानदाराने जुन्यातला सगळ्यात वाईट आणि नव्यातला सगळ्यात चांगला रन उचलला तर? १७० वजा १६३, सात घोडे. प्रत्येक आकडा खरा, गोष्ट मात्र खोटी. सॉफ्टवेअरमध्ये थंड कॅशवर जुना कोड आणि गरम कॅशवर नवा कोड चालवून प्रेझेंटेशन करणारे महाभाग तुम्हालाही भेटले असतीलच.

यावर उपाय जुनाच आहे. नवा पाइप मोजून झाल्यावर जुना परत लावा आणि पुन्हा मोजा. जुना-नवा-जुना. पहिला आणि तिसरा आकडा जुळला तर मधल्याला अर्थ आहे. जुळला नाही, तर तुम्ही पाइप मोजत नव्हता, दुपार मोजत होता. हे कुणी करत नाही, कारण दोनदा नटबोल्ट सोडायची मजुरी लागते आणि जुना पाइप तोवर भंगारात गेलेला असतो. पण आठ टक्क्यांचा दावा करणाऱ्या प्रोग्रामरला मी जर रोलबॅक करून पुन्हा मोजायला लावतो, तर हजार डॉलर घेणाऱ्या दुकानाला का सोडायचं?

"डायनो राहू दे, रस्त्यावरच कळतं ना राव!" मित्राचा यावरचा युक्तिवाद. बघू. ड्रायव्हर-पेट्रोलसकट ही गाडी साधारण १३५० किलो धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना फक्त १ टक्का चढ असेल (म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, डोळ्यांना दिसतही नाही), तर तेवढ्यासाठी लागणारी शक्ती निघते ३.७ किलोवॅट, म्हणजे पाच हॉर्सपॉवर. वारा, ट्रॅफिक, टाकीतलं पेट्रोल हे अजून धरलंच नाही. तेव्हा रस्त्यावर पाठीला जे 'कळतं' त्यातलं बरंचसं कानाला कळलेलं असतं. आवाज मोठा झाला की मेंदू वेग वाढला असं समजतो. रिक्षात बसून तो अनुभव आपण सगळ्यांनी घेतलेलाच आहे.

मग डायनो फेकून द्यायचा का? अजिबात नाही! आणि इथेच माझं मत ऐकणाऱ्यांचा गैरसमज होतो. नीट वापरलेला डायनो हे ग्राहकाच्या हातातलं मोठं हत्यार आहे. १९९९ सालची गोष्ट सांगतो (मी तेव्हा जेमतेम पायावर उभं राहायला शिकलो होतो). फोर्डने त्या वर्षी मस्टँग एसव्हीटी कोब्रा आणली. आदल्या वर्षीच्या गाडीचे ३०५ हॉर्सपॉवर, हिचे जाहीर केलेले ३२०. मालकांनी आपापल्या गाड्या डायनोवर चढवल्या, आणि १५ घोडे काही सापडेनात. एकट्यादुकट्याने तक्रार केली असती तर "तुमचं यंत्र चुकीचं" म्हणून बोळवण झाली असती. पण वेगवेगळ्या ठिकाणच्या गाड्या तीच कहाणी सांगत होत्या. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. इनटेक मॅनिफोल्ड, कॉम्प्युटरमधलं कॅलिब्रेशन आणि (हे महत्त्वाचं) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट, हे सगळं कंपनीने स्वखर्चाने बदलून दिलं. २००० साली नेहमीची कोब्रा आलीच नाही. पुढे २००१ च्या माझदा मियाटाचंही असंच झालं. अमेरिकेत १५५ हॉर्सपॉवर सांगितले होते, ते १४२ असल्याचं कबूल करून माझदाने गाड्या परत विकत घ्यायची तयारी दाखवली.

या दोन्ही गोष्टींत सामान्य माणसाने भल्यामोठ्या कंपनीला नमवलं ते नीट घेतलेल्या रीडिंग्जच्या जोरावर. उद्या प्रत्येक दुकान आपल्या सोयीचे आकडे छापायला लागलं आणि आपण लाइक ठोकत ते स्वीकारायला लागलो, तर पुढच्या वेळी खरोखर फसवले गेलेले मालक कागद घेऊन उभे राहतील तेव्हा त्यांच्यावर कोण विश्वास ठेवेल? कंपनी सरळ म्हणेल, "डायनोवर काय, काहीही दाखवता येतं." मला खरी भीती या वाक्याची आहे. बारा घोडे गेले तरी चालतील.

चुकीच्या मोजमापाने चांगल्या कामावरही अन्याय होतो, हेही सांगायला हवं. पहिल्या पिढीच्या ८६ चं एक प्रसिद्ध दुखणं आहे. साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मधे टॉर्कची रेषा खड्ड्यात जाते. शहरात ओव्हरटेक करताना नेमकी तिथेच गाडी रुसते. चांगला हेडर आणि त्याला साजेसं ट्यूनिंग केलं तर हा खड्डा बराच भरून निघतो. पण जाहिरातीत छापतात शिखराचा आकडा, ७००० आरपीएमचा, जिथे रोजच्या प्रवासात आपण क्षणभरही नसतो. म्हणजे जो बदल गाडी खरोखर सुधारतो तो आकड्यात 'फक्त ३' दिसतो, आणि जो नुसता शिखरावर तुरा खोवतो तो 'तब्बल ८' म्हणून विकला जातो. टोयोटा-सुबारूने स्वतः २०२१ मध्ये दुसऱ्या पिढीला २.४ लिटरचं इंजिन देताना कमाल टॉर्क ३७०० आरपीएमला आणून ठेवला. म्हणजे खड्डा कुठे आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून शिखर बघू नका, पूर्ण रेषा बघा.

"अरे, मजा येते ना, मग कशाला एवढी चिरफाड?" असंही कुणी म्हणेल. मजेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बॉक्सर इंजिनचा घोगरा आवाज मलाही आवडतो. आवाजासाठी पैसे मोजले असं ताठ मानेने सांगा, मी स्वतः चहा पाजतो. पण 'पॉवर' या शब्दाच्या आड बऱ्याच गोष्टी खपवल्या जातात. पॉवरच्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याचा भंग आहे. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. शिवाय रात्री साडेअकराला सोसायटीत शिरताना तो आवाज ज्यांच्या भिंतींवर आदळतो, त्यांना आपण 'बारा घोडे' हे कारण देत असतो. कारण खोटं निघालं तर उरतो नुसता आवाज.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी लाल-निळ्या रेषांचा कागद पुढे केला तर शांतपणे एवढं विचारा. दोन्ही रन एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये घेतले का? दुरुस्तीचं मानक कुठलं, आणि दोन्हींना तेच का? किती रन घेतले आणि बाकीचे कुठे आहेत? तापमान कागदावर छापलंय का? पाइपखेरीज आणखी काय बदललं? जुना पाइप परत लावून पाहिला का? प्रामाणिक ट्यूनर या प्रश्नांनी खूश होतो, असा माझा आत्तापर्यंतचा अनुभव आहे. तो कपाटातून उरलेले रन काढून दाखवतो आणि अर्धा तास खुर्चीवरून हलू देत नाही. जो चिडतो, त्याच्याकडे तेल बदलायलाही जाऊ नये.

माझ्या मित्राने हे प्रश्न दुकानाला ईमेलने पाठवले. उत्तर आलं की आधीचा रन त्याच्या गाडीचा नव्हताच, 'तशाच' दुसऱ्या गाडीचा होता. आता तो पुढच्या शनिवारी दुसरीकडे स्वतःचे सहा रन घ्यायला निघालाय, जुना पाइप डिकीत टाकून. बारा निघोत, चार निघोत किंवा शून्य... जे निघतील ते घोडे त्याच्या स्वतःच्या गाडीचे असतील.